‘पेनी पॉइंट्स टू पॅरडाईज’ला मराठी सबटायटल : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

काम ठरलं. १९५१ चा ब्रिटिश विनोदी चित्रपट ‘पेनी पॉइंट्स टू पॅरडाईज’, दिग्दर्शक टोनी यंग. हॅरी सिकम, पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन तिघंही यात आहेत. बीबीसीवर ‘क्रेझी पीपल’ या नावाने या तिघांसह चौघांचा, म्हणजे ‘गून’ मंडळींचा, विनोदी रेडिओ कार्यक्रम (पुढचा ‘गून शो’) २८ मे १९५१ ला सुरू झाला, तेही याच वर्षी. चौथा गून मायकेल बेंटीन चित्रपटात नाही. मूळ रूपातला चित्रपट वर्षानुवर्षं कुणाला पाहायला मिळत नव्हता. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने उरलेल्या साहित्यावरून तो पुन्हा उभा केला आणि २००९ मध्ये डीव्हीडीवर आणला, सोबत ‘लेट्स गो क्रेझी’ हा त्याच वर्षीचा लघुपट.

मराठी सबटायटल कशासाठी, तर मिलिगन नगरचा. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर (आता अहिल्यानगर), वडील ब्रिटिश लष्करात. पुढे पुणे, मग रंगून, आणि शेवटी इंग्लंड. खेळ १६ एप्रिललाच नगरमध्ये लावायचा.

डीव्हीडीवरचा परवाना फक्त घरी पाहण्यापुरता असतो. सभागृहात दाखवायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी वेगळी लागते आणि त्यात सबटायटल घालण्याचा उल्लेख स्वतंत्र हवा. नुसती ‘प्रदर्शन’ एवढ्यावर भागत नाही. पत्र आजच गेलं. उत्तर येईपर्यंत चित्राला हात न लावता बाकीची तयारी चालू.

७ फेब्रुवारी

आधी वेग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, पॅल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी २५ ने चालते. त्यामुळे सगळं सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावतं आणि आवाज पाश्चात्त्य मोजणीत ०.७ सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे अर्धा स्वर) चढतो. सिकमचा आवाज मुळातच टिपेचा. त्यात ही भर पडली की त्याचं खिदळणं किंचाळण्यासारखं वाटतं.

आवाज खरंच चढलाय की डीव्हीडी करताना कुणी तो परत उतरवून ठेवलाय, हे कानाने सांगता येत नाही. चित्रपटात फेलिक्स मेंडेल्सन यांचं हवाईयन वाद्यवृंदाचं पथक आहे, पण सरकत्या गिटारवरून स्वर मोजणं म्हणजे पाऱ्यावर चिमटा. त्यापेक्षा गुणगुण मोजावी. ब्रिटनची वीज ५० हर्ट्झची. जुन्या ध्वनिमुद्रणात तिची बारीक गुणगुण बसलेली असते. संवाद नसलेला शांत भाग निवडून वारंवारतेचा आलेख काढायचा. उंचवटा ५२.०८ ला आला तर आवाज चित्रासोबत चढलाय. ५० लाच आला तर दोन शक्यता: आवाज उतरवून ठेवलाय, किंवा ही गुणगुण नंतरच्या यंत्रातून शिरली आहे. म्हणून एकाच जागी न मोजता चार-पाच ठिकाणी मोजायचं.

आमच्या प्रतीत उंचवटा ५२ च्या वर. उपाय सोपा: चित्र २४ वर आणायचं आणि ध्वनीचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) ४८,००० ऐवजी ४६,०८० समजून वाचायचा, मग पुन्हा ४८,००० ला न्यायचा. स्वर आणि वेग दोन्ही एकाच वेळी जागेवर येतात. ‘स्वर तोच ठेवून वेग बदला’ ही सोय इथे वापरू नये. तिने स्वर चढलेलाच राहतो, वर शब्दांच्या कडा फाटतात.

सबटायटलच्या वेळा हे सगळं झाल्यावरच लावायच्या. २५ वर लावलेली फाइल २४ च्या चित्रावर तासाला अडीच मिनिटं चुकते, ते लगेच कळतं. खरा घात २४ आणि २३.९७६ च्या घोळात होतो. तासाला फक्त ३.६ सेकंद. पहिली दहा मिनिटं तपासून ‘बरोबर आहे’ म्हणणारा इथेच फसतो, कारण तिथे फरक अर्ध्या सेकंदाचाच असतो. तपासणी नेहमी शेवटच्या रिळावर.

९ फेब्रुवारी

चौकट ४:३. १९२० × १०८० च्या पडद्यावर चित्र १४४० रुंद, दोन्ही बाजूंना २४० च्या काळ्या पट्ट्या. रुंद पडद्यासाठीची नेहमीची ४२ चिन्हांची ओळ इथे पट्टीवर सांडते. काळ्या पट्टीवरून पांढऱ्या चित्रात शिरणारी ओळ वाचायला वाईट. डावा-उजवा समास ३०० ठेवला, म्हणजे चित्राच्या कडेपासून ६० आत.

इंटरलेस (चौकटीच्या एकाआड एक रेघा वेगळ्या दाखवण्याची पद्धत) काढणारी चाळणी लावायची नाही. फिल्मवरून केलेल्या पॅल डीव्हीडीवर प्रत्येक चौकटीचे दोन अर्धे एकाच क्षणाचे असतात. फाइलवर ‘इंटरलेस्ड’ असा शिक्का असला तरी. चाळणी लावली की बारीक आडव्या रेघा पुसट होतात आणि पळापळीत माणसांच्या मागे भुतं दिसतात.

१५ फेब्रुवारी

इंग्रजी संहिता कानाने उतरवली. यंत्राने उतरवलेला मजकूर आधार म्हणून घेतला होता, तिसऱ्या दृश्यापासून सोडून दिला. दोघं एकदम बोलले की ते एकाला गिळतं, आणि शांततेत स्वतःची वाक्यं घालतं. दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते वाक्य दिसायला अगदी सरळ असतं.

फ्रेडी फ्रिंटनचा दारुडा जसा बोलतो तसा लिहून काढण्यात दोन तास गेले. त्यातलं नऊ दशांश मराठीत जाणार नाही, हे आधी ठरवायला हवं होतं.

परवानगी आली, सबटायटलसह.

२२ फेब्रुवारी

शब्दांचा तक्ता. वेळ इथे घालवला तर पुढे वाचतो.

गोष्ट थोडक्यात: हॅरी फ्लेकर्सला फुटबॉलच्या पूल्समध्ये (सामन्यांचे निकाल ओळखण्याची पैज) एक लाख पौंडांचं घबाड लागतं. तरीही सुट्टीला तो मित्र स्पाइकसोबत ब्रायटनच्या त्याच जुन्या, कळकट बोर्डिंग हाऊसमध्ये जातो. तिथले सगळेच त्याच्या पैशावर टपलेले: गुंतवणुकीचं गाजर दाखवणारा मेजर (सेलर्स), लग्नाच्या गळाला लावू पाहणाऱ्या बायका, आणि खऱ्या नोटांच्या जागी खोट्या ठेवू पाहणारे दोघं (आल्फ्रेड मार्क्स आणि बिल केर).

पूल्स. देवनागरीत ‘पूल’ लिहिलं की मराठी माणसाला नदीवरचा दिसतो. ‘पूलचं कूपन’ म्हणजे टोलची पावती वाटेल. ‘मटका’ हा मोह सगळ्यांना झाला. चटकन कळतो, हशाही येईल. पण मटका चोरून चालतो. पूल्स कायदेशीर होते, कूपन टपालाने जायचं, घराघरांत शनिवारी संध्याकाळी रेडिओवर निकाल ऐकून खुणा केल्या जायच्या. हॅरीने पैसे मटक्यात मिळवले म्हटलं तर तो पहिल्या मिनिटापासून भानगडीचा माणूस ठरतो, आणि तो गोष्टीतला एकमेव सरळ माणूस आहे. ‘लॉटरी’ निम्मी बरोबर, पण तिच्यात डोकं लावायचं नसतं. ठरलं: ‘फुटबॉल कूपन’. पहिल्यांदा ‘फुटबॉलच्या निकालांवर लावायचं कूपन’, नंतर नुसतं ‘कूपन’.

बोर्डिंग हाऊस. ‘बोर्डिंग’ म्हटलं की आपल्याकडे विद्यार्थी वसतिगृह, तेही शाहू महाराजांच्या काळापासून. ‘लॉज’ला वेगळा वास. ‘खानावळ’मध्ये झोपता येत नाही. कोकणात रस्त्यालगत पाटी असते, ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’. तंतोतंत हेच! समुद्रकाठ, भाड्याची खोली, ठरावीक वेळेचं जेवण, आणि उशीर झाला तर बोलणी. पण सबटायटलला ते लांब पडतं. पहिल्यांदा दर्शनी पाटी दिसते तिथे पूर्ण, नंतर ‘मालकीणबाईंचं घर’. तिला सगळे ‘अहो बाई’, ती सगळ्यांना ‘तुम्ही’.

मेजर. नगर जिल्ह्यात निवृत्त झालेला प्रत्येक फौजी ‘मेजर’ असतो, शिपाई म्हणून गेला आणि हवालदार म्हणून आला तरी. चहाच्या टपरीवर ‘या मेजर’ हे प्रेमाचं बोलणं आहे. त्या सभागृहात ‘मेजर’ म्हटलं तर लोकांना शेजारचे काका दिसतील. इथे हवा तो मिशीआडून बोलणारा साहेब. म्हणून सगळीकडे ‘मेजरसाहेब’, आणि तो स्वतःबद्दल ‘आम्ही’ म्हणतो. सेलर्स महायुद्धात हवाईदलाच्या करमणूक पथकाबरोबर हिंदुस्थानात होता. असली अधिकारी मंडळी त्याने जवळून पाहिली होती, त्यांच्या नकलाही केल्या होत्या.

लष्करी इंग्रजीतले आपले शब्द. ‘ब्लायटी’ मुळात विलायती. तो ‘विलायत’ म्हणून घरी आणायचा. ‘पक्का’ तसाच राहील. फौजी माणसाच्या तोंडी असे शब्द कुठेही आले तर मराठीत भाषांतर न करता मूळ रूप परत करायचं, हा नियम.

हॅरी–स्पाइक: अरे-तुरे. नोटांचे दोघे आपसात अरे-तुरे, बाहेर ‘आपण’. लग्नेच्छू बाई हॅरीला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येते, ते इंग्रजीत कळत नाही. तिथे नजर बघून ठरवलं.

लंडनी बोलीला वऱ्हाडी किंवा मालवणी लावायची नाही. आपल्याकडे ही खोड जुनी आहे. तसं केलं की चित्रातला माणूस एक आणि अक्षरांतला दुसराच होतो, आणि त्या बोलीवाल्यांच्या वाट्याला नेहमी चोर नाहीतर गडी येतात.

१ मार्च

पैसे. तेव्हा १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. दशमान पद्धत तिथे १५ फेब्रुवारी १९७१ ला आली. १९५१ मध्ये रुपया दीड शिलिंगाचा, म्हणजे १८ पेन्सचा. एक लाख पौंड झाले १३,३३,३३३ रुपये. सबटायटलमध्ये रुपये करायचे नाहीत, पण मराठीला इथे आयता फायदा आहे. इंग्रजीला ‘शंभर हजार’ म्हणावं लागतं, आपल्याकडे ‘लाख’. दोन अक्षरांत काम होतं आणि वजनही पडतं.

नावाचं मराठी. ‘पेनी पॉइंट्स’ हा कूपनवरचा दर ओळीला एक पेनी लावून गुण मिळवण्याचा खेळ. मूळ नावातला ‘प’ टिकवायला ‘पेनीच्या पायरीने परलोकात’ असं एक सुचलं; वाचताच तिरडी दिसली, सोडलं. पेनीला हिशेबाने जवळचं नाणं आणा: १८ पेन्सला १६ आणे, म्हणजे पेनी आण्याहून किंचित लहान. पण ‘आण्यात स्वर्ग’ कुणी पटकन वाचलं तर ‘आणण्यात’ वाचतो. ‘दमडीत स्वर्ग’ घेतलं. दमडी पेनीपेक्षा फार हलकी आहे हे मान्य, पण नावाला नाणं मोजून कोण घेतो?

पांढरी नोट. हे जास्त महत्त्वाचं निघालं. १९५१ ची पाच पौंडांची नोट पांढरी होती: पांढऱ्या कागदावर काळी छपाई, तीही एकाच बाजूला, आकार २११ × १३३ मिलिमीटर. आपल्या डोळ्याला ती नोट वाटतच नाही. शाळा सोडल्याचा दाखला वाटते. त्यावेळी याहून मोठी नोट चलनात नव्हती, १० पौंडांपासून वरच्या १९४३ मध्येच बंद झाल्या होत्या. म्हणजे लाख पौंड पाचाच्या नोटांत २०,००० नोटा. खोट्या-खऱ्याची अदलाबदल हा कथेचा कणाच आहे. प्रेक्षकाला ‘हे कागद कसले?’ असं वाटत राहिलं तर सगळा विनोद कोरडा जातो. निर्णय: जिथे इंग्रजीत नुसतं ‘ते’, ‘त्या’ असेल तिथे मराठीत ‘नोटा’ हा शब्द घालायचा, निदान पहिल्या २० मिनिटांत. शिवाय खेळाआधीच्या पाटीवर नोटेबद्दल एक ओळ.

९ मार्च

देवनागरीचा घोळ. ब्रायटनचा चित्रपट म्हणजे ‘किनाऱ्यावर’ हा शब्द सारखा. तपासणीत तो अकरा ठिकाणी ‘किनार्यावर’ झालेला दिसला. कारण असं: हा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला ऱ, मग हलंत, मग य. दुसरी, साधा र, हलंत, मध्ये न दिसणारा जोडक, मग य. दिसायला दोन्ही सारखे. फाइल ‘स्वच्छ’ करणारं साधन न दिसणारी चिन्हं काढून टाकतं. जोडक गेला की रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. सगळीकडे पहिली पद्धत शोध-बदल करून लावली. तसंच ‘ॲ’: काहींच्या कळफलकावरून एक चिन्ह येतं, काहींच्या अ आणि चंद्र असं दोन चिन्हांचं. एकच ठेवलं.

चाचणीची ओळ, प्रत्येक यंत्रावर आधी हीच लावून बघायची: ‘दुसऱ्या किनाऱ्यावर ॲटॅची ठेवून स्त्री पायऱ्या उतरली.’ यातली ‘कि’ची वेलांटी, ‘ठे’ची मात्रा आणि ‘स्त्री’ नीट बसले की बाकीचं बसतं.

वाचनाचा वेग. ‘सबटायटल एडिट’ हा संगणक कार्यक्रम चिन्हं मोजतो, डोळा अक्षरं वाचतो. ‘स्त्री’मध्ये ६ चिन्हं, अक्षर एक. ‘किनाऱ्यावर’ १० चिन्हं, अक्षरं पाच. त्यामुळे कार्यक्रम उगाच लाल दाखवतो आणि माणूस चांगली ओळ कापतो. आमची मर्यादा अक्षरांत: सेकंदाला ९, ओळीला २२, ओळी दोनच. कमीत कमी १ सेकंद, जास्तीत जास्त ६.

१६ मार्च

वेळा लावणं. विनोदात सबटायटल नटाच्या आधी बोलता कामा नये. नाटकात शेजारचा माणूस ‘आता बघ हं’ म्हणतो, तसं होतं ते.

दोन गोष्टी लागू पडल्या. पहिली, तुकडे. वाक्याची चढण एक सबटायटल, फटका (हसू आणणारा शब्द) दुसरं. फटक्याचं सबटायटल नटाच्या त्या शब्दावरच उघडायचं, आधी नाही. दोन चौकटी उशीर चालतो. दुसरी, शब्दक्रम. इंग्रजीत फटका शेवटच्या नामावर पडतो, मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. नमुना आमचा, चित्रपटातला नाही: ‘मी सगळे पैसे उशीखाली ठेवलेत.’ यात उशी मधेच येऊन जाते आणि ‘ठेवलेत’ नुसतं शेपूट उरतं. ‘पैसे ना? ठेवलेत की. उशीखाली.’ बोलताना आपण असंच बोलतो, लिहिताना मात्र शाळेतलं वाक्य हातातून येतं. पहिल्या मसुद्यात चाळीसेक ठिकाणी ते शाळेतलं वाक्य होतं.

ही मंडळी रंगमंचावरून आलेली. फटक्यानंतर प्रेक्षकाच्या हशासाठी ती थांबतात. कॅमेऱ्यासमोर प्रेक्षक नव्हता, तरी थांबलीच आहेत. त्या मोकळ्या जागेत सबटायटल लटकत ठेवायचं नाही. ओळ संपली की पडदा रिकामा, म्हणजे चेहरा दिसतो. आणि दृश्य बदलताना ओळ पलीकडे गेली तर डोळा तीच ओळ पुन्हा वाचतो. कापाच्या दोन चौकटी आधी बंद.

२३ मार्च

छाटणी. सबटायटल १,०१२ वरून ८३४. गेलं ते असं: नावाने हाका, ‘ओह’, ‘वेल’, दारावरचे नमस्कार, दारुड्याची बडबड (फक्त ज्यावरून पुढे काही घडतं त्या ओळी ठेवल्या), गाणी. दारुड्याचं अडखळणं अक्षरांत दाखवायचा प्रयत्न केला होता. ‘मम्मी प्यालेलो न्नाही’ असलं लिहिलं की वाचणाराच अडखळतो आणि नट हातचा जातो.

पटकथा जॉन ऑर्मंड यांची, मिलिगनची नाही, आणि ते जाणवतं. गून शोची उलटीसुलटी तर्कबाजी इथे शोधू नये. मिलिगन बराचसा साधा मित्र आहे. मधला भाग रेंगाळतो. तो मराठीत चटपटीत करायचा मोह पाचव्या दृश्यात झाला होता. तीन ओळी आमच्या पदरच्या घुसल्या होत्या. काढल्या.

३० मार्च

अक्षरं चित्रावर छापूनच घ्यायची, वेगळी फाइल द्यायची नाही. सभागृहातल्या चित्रपट चालवणाऱ्या यंत्राला देवनागरी जुळवता येईलच असं नाही. वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली, जोडाक्षरं फुटलेली, हे ऐनवेळी दिसतं.

फॉन्ट मुक्ता, मध्यम जाडी, ५८ पिक्सेल. बारीक जाडीत काळ्या-पांढऱ्या चित्राच्या दाण्यात मात्रा हरवतात. आम्ही वापरलेल्या सबटायटलच्या स्वरूपात ओळींमधलं अंतर वेगळं देता येत नाही, ते फॉन्टच्या मापांतून येतं. आधीच्या फॉन्टमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकत होता. मुक्ताची मापं ऐसपैस, सुटला.

रंग शुद्ध पांढरा नको. ब्रायटनचं आभाळ पांढरं, नोटा पांढऱ्या. ८८ टक्के उजेडाचा फिकट करडा, भोवती ३ पिक्सेल काळी कड. पिवळा करून पाहिला: १९५१ च्या चित्रावर हळद सांडल्यासारखा.

१२ एप्रिल

सभागृहात चाचणी. प्रोजेक्टर आपणहून चित्र ताणून १६:९ करत होता. सगळे बुटके, जाडे. सिकम तसाही गोल, त्याच्यावरून कळलं नसतं. पाटीवरचं वर्तुळ अंडाकृती दिसलं म्हणून सापडलं. सेटिंगमध्ये ‘मूळ’ केलं.

ध्वनी एकच वाहिनी आहे, दोन्ही भोंग्यांना सारखा दिला. खर्ज वाढवला की गुणगुण वाढते. २ ते ४ किलोहर्ट्झ ३ डेसिबलने उचललं, शब्द सुटे झाले. शेवटच्या रांगेतून ५८ पिक्सेल वाचता आलं. डोक्यांच्या आड खालची ओळ जात होती म्हणून खालचा समास ५० वरून ९० केला, पुन्हा छापलं.

१६ एप्रिल

खेळ झाला. आधी ‘लेट्स गो क्रेझी’, सबटायटलविना. त्यात वेषांतरं आणि गाणी-नकलाच जास्त. कुणी मागितलीही नाहीत.

हसू कुठे आलं: मेजरसाहेबांच्या ‘आम्ही’ला प्रत्येक वेळी. ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ला सर्वांत मोठं, इंग्रजीत तिथे विनोदच नाही. दारुड्याला शब्दांवाचून.

कुठे नाही आलं: नोटा बदलण्याच्या एका दृश्यात. पाटीवरची ओळ उशिरा आलेल्यांनी पाहिलीच नव्हती.

१९ एप्रिल

दुरुस्त्या. नोटेची ओळ पाटीवरून उचलून चित्रपटात घेतली, पहिली नोट हातात दिसते तिथे पडद्याच्या वरच्या बाजूला: ‘पाच पौंडांची नोट, १९५१’. तीन सेकंद. ‘घरगुती…’ची ओळ एक सेकंद आधी बंद, कारण हशात पुढचं सबटायटल बुडत होतं. सबटायटल क्रमांक ४०७ सहा चौकटी पुढे. ‘किनाऱ्यावर’ एका जागी अजून चुकीचंच होतं, क्रमांक ६१२. शोध-बदलात सुटलं कारण तिथे ओळ मधेच तोडलेली होती, ‘किनार्’ वर आणि ‘यावर’ खाली.